आडव्या पट्ट्याची पिशवी

१८ मार्च १९७६, गुरुवार

घेतली! काल जळगावात घेतली. घरी आणून खुंटीला अडकवली तेव्हा कळलं आपण काय करून बसलो. पण घेतली म्हणजे घेतली.

गेले होते चष्म्यासाठी. स्टँडवर हे म्हणाले, थैली धर, पान खाऊन येतो. एका हातात थैली, एका हातात डबा, काखेत छत्री, दातात पदर. आणि नाकावर माशी. तेवढ्यात समोरून एक बाई गेली. डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेला आडवी पिशवी. दोन्ही हात मोकळे! एका हाताने शेंगा खात होती, दुसऱ्या हाताने पोराचा कान धरला होता. मी बघतच राहिले. देवाने हात दोनच दिले आणि आपण जन्मभर ते थैल्यांना जुंपले.

प्रकाशचंदच्या ट्रंकांच्या दुकानात तशाच टांगलेल्या होत्या. तो म्हणाला, बाई, या कॉलेजच्या मुली घेतात. म्हटलं, कॉलेजच्या मुलींना न्यायचं काय असतं? एक रुमाल, एक आरसा. पिशवी मला पाहिजे. मग पट्टा ओढून पाहिला, दोन्ही हातांनी, पाय रोवून. कडी उघडून पाहिली, लावून पाहिली. विचारलं, चामड्याची का? त्याने कानाला हात लावले. आम्ही जैन लोक, बाई, चामडं दुकानात येत नाही. रेक्झिन आहे. पुसलं की साफ.

तपकिरी रंग. पितळेची कडी. आत तीन कप्पे, मागे एक चोरकप्पा. दिसायलाही झकास आहे. खोटं कशाला लिहू?

हे दुकानाबाहेर तोंड फिरवून उभे होते. जसं काही मी दुसऱ्याचीच बायको.

१९ मार्च

शेजारचा उखर्डू ओट्यावर बसूनच असतो. मला पिशवीसकट पाहिलं आणि हात पुढे केला. "कुंदाबाई, एक फुल, एक हाफ, अडावद."

म्हटलं, तू तर सामान आहेस. सामान टपावर.

सगळा ओटा हसला. यांना राग आला. लोक हसतात म्हणाले. म्हटलं, हसू द्या, कोण दात घासतो ते तरी कळेल.

२२ मार्च

आज पिशवी घालून मळ्यात गेले. मिसरीची डबी, चष्मा, किल्ल्या, सुईदोरा, यांच्या खोकल्याच्या गोळ्या, लहान विळा — सगळं आत. विळ्याची मूठ बाहेर डोकावते, पण ती पाहून कुत्रे मागे लागत नाहीत.

एक शोध लागला. पट्टा पदराच्या वरून घ्यायचा. पदर जागेवरून हलत नाही! वाका, केळीची पानं कापा, बांधावरून उडी मारा — पदर गप्प. इतकी वर्षं पदर सावरण्यात गेली. कोणी सांगितलं नाही की एक पट्टा बस होता.

आणि केळीचा चीक. लुगड्याला लागला की लुगडं फाटेल पण डाग जाणार नाही. पिशवीला लागला, ओल्या फडक्याने पुसला, गेला. प्रकाशचंद खोटं बोलला नाही.

ही डायरीसुद्धा अशीच कामाला लावली आहे. खतवाल्या जवरीलालने पोत्यांबरोबर यांना दिली होती. हे तिच्यावर चहाचा कप ठेवत होते. मी चौथी शिकले, ते काय कप धुवायला?

३१ मार्च, पाडवा

गुढी उभारली. श्रीखंड आंबट झालं. लता सासरीच.

४ एप्रिल, रविवार

अखाजी जवळ आली, अक्षय्य तृतीया. बायका आतापासून झोके बांधायला दोर काढायला लागल्या. आज दोघींनी विचारलं, तुमची लता येणार का? म्हटलं, येईल. दुसरं काय म्हणू?

दोन अखाज्या झाल्या. पोर माहेरी नाही. दिवाळीलाही नाही. सासर काही काशीला नाही, नरडाण्याजवळ आहे. सकाळी निघालं तर दुपारी पोचतं. पण तिची सासू धुरपदाबाई पाठवत नाही.

का, ते मला माहीत आहे. नातीच्या जावळाला आम्ही गेलो होतो तेव्हा पंगतीत मी बोलले. विहीणबाई, तुमच्या डाळीत डाळ शोधायला दिवा आणा. डाळ पातळ होती! पंचवीस माणसं खात होती, सगळ्यांना दिसत होती. मी बोलले एवढंच. तेव्हापासून बाई सूड घेते आहे. अखाजीला ज्या घरात लेक येत नाही त्या घराकडे गाव कसं बघतं ते काय मला माहीत नाही? झोके सगळ्यांच्या दारात, आमच्या दारात निंबोळ्या.

दोन्ही वर्षी मुऱ्हाळी म्हणून हेच गेले लताला आणायला. एकदा म्हणाले पोरीला ताप आहे. एकदा म्हणाले नातीला खोकला आहे. अखाजीचे दोन दिवस राहून, पाहुणचार खाऊन, हात हलवत परत! रागही येत नाही यांना. व्याही फार चांगले, म्हणतात.

चांगले असतील. आमचे हेही चांगलेच आहेत. अखाजीला अख्खं गाव निंबाखाली पत्ते कुटतं, त्या दिवशी कोणी कोणाला बोलत नाही. पण हे पत्त्याला शिवत नाहीत. जन्मात कधी बसले नाहीत. तेवढं सुख आहे मला.

१२ एप्रिल

ठरलं. या वेळी मी जाणार.

हे म्हणाले, आई कधी मुऱ्हाळी जाते का? लोक काय म्हणतील? मीच जातो. म्हटलं, तुम्ही दोनदा गेलात, काय आणलंत? खाकरा. या वेळी मी जाते आणि पोर आणते. मग म्हणाले, तू तिथे जाऊन पुन्हा डाळीचं काढशील. म्हटलं, डाळ घट्ट असेल तर नाही काढणार.

फारच विरोध केला. एरवी मी विहिरीत उडी मारते म्हटलं तरी हे सांभाळून जा म्हणतील.

२१ एप्रिल, बुधवार

परत आले. काल निघाले, आज आले. आता सगळं लिहिते. हसू थांबलं की लिहिते.

काल पहाटेची एस. टी. धरली. शिरपूरला बदलली. नरडाणा फाट्यावर उतरले तेव्हा ऊन असं की डोक्यावर भाकरी भाजावी. पिशवी आडवी, छत्री उघडी, डोळ्यावर नवा चष्मा, पायात चपला. निघाले तरातरा. मला हळू चालता येत नाही.

गावाच्या वेशीवर पोरं गोट्या खेळत होती. एकाने मान वर केली. मला पाहिलं, पिशवी पाहिली, आणि बोंबलत सुटलं — "बाई ऊनी रे! पिशवीवाली बाई ऊनी!"

आणि मग काय सांगू. पारावर म्हातारे बसले होते. माझ्या देखत पार रिकामा. चिलीम तिथेच धूर सोडत राहिली. एकजण दाढी करून घेत होता, तो अर्ध्या दाढीने न्हाव्यासकट पळाला. एका घराच्या मागून चार माणसं निघाली आणि कपाशीच्या पऱ्हाट्यांत शिरली. सगळीकडे एकच — पया रे, पया! मला वाटलं माझ्या मागे वाघ आहे. मागे वळून पाहिलं. मागे माझी सावली.

पोचले लताच्या दारात. दार आतून बंद. कडी वाजवली. फटीतून विहिणीचा आवाज आला. माझ्यासाठी नाही, पिशवीसाठी.

"आमना घरमा कोनी माणूस नही. बठ्ठा मरी ग्यात."

मला काही कळेना. म्हटलं, सगळे मेले?

"बठ्ठा."

"तुमचे मालक?"

"तो बी मरी गया."

फटीतून मला तिचं कपाळ दिसत होतं. रुपयाएवढं कुंकू. म्हटलं, मग हे कुंकू कोणाच्या नावाचं लावलंय, विहीणबाई?

कपाळ हललं, फटीला डोळा लागला. मग म्हणते, "कोन? कुंदाबाई शे का?" आणि तेवढ्यात अंगणातल्या कडब्याच्या गंजीतून शिंक आली. एक नाही, तीन. मेलेला माणूस शिंकला!

दार उघडलं. गंजीतून आमचे व्याही झुलाल आबा बाहेर आले. मिशीत कडबा, धोतरात कडबा. मला पाहून रामराम केला. म्हणाले, "गंजीमा उंदीर शोधत होतो."

मग लता हसत हसत बाहेर आली, तिने उलगडा केला. मागच्या आठवड्यात नसबंदीवाली नर्सबाई येऊन गेली होती. अशीच आडवी पिशवी, अशीच छत्री, असाच चष्मा. नावं लिहून घेतली आणि पुन्हा येते म्हणून गेली. तेव्हापासून गावातले पुरुष लांबून पिशवी दिसली की नाहीसे होतात. परवा पोस्टमनला पाहून पळाले. काल एस. टी.च्या कंडक्टरला पाहून.

म्हटलं, अगं पण आबा साठीचे. त्यांचं काय लिहून नेणार?

लता म्हणाली, भीतीला वय असतं का, आई?

जावई कुठे, विचारलं. अभिमनराव घराच्या धाब्यावर होते. शिडी वर ओढून घेतलेली.

जेवायला बसवलं. नात झाल्यापासून लेकीच्या घरचं खायला हरकत नाही. डाळ वाढली. भाकरीचा तुकडा टाकला तर बुडेना! इतकी घट्ट. विहीण माझ्या तोंडाकडे बघत होती. मी डाळीचं काढलं नाही. पण दोनदा मागून घेतली.

लता वाढायला वाकली तेव्हा पाय दिसले. उघडे. चांदीचे तोडे नाहीत. लग्नात आम्ही घातलेले, चांगले जाड. विचारलं, तोडे कुठे गं? तिने सासूकडे पाहिलं. सासूने आबांकडे. आबा म्हणाले, बैलाला पाणी दाखवतो. आणि गेले. बैल समोरच पाणी पीत होता.

आता मी हात धुऊन पक्की बसले. धुरपदाबाईने लताला आत पाठवलं, नातीला बाहेर पाठवलं आणि पदराने तोंड पुसलं. मला वाटलं आता भांडण. मी तयार होते. पण बाईच्या डोळ्यांत पाणी.

दोन वर्षांपूर्वी अखाजीच्या आदल्या दिवशीच आबा निंबाखाली बसले. एरवी वर्षभर पत्त्याला हात लावत नाहीत, पण अखाजीला उठत नाहीत. हरत गेले. मग घरात आले आणि लताच्या ट्रंकेतून तोडे नेले. गेले तेही. कोणाकडे गेले ते आजपर्यंत सांगत नाहीत. बाहेरगावचा कोणी, एवढंच. पुरुषांचं पुरुषांत.

"तुमनी पोर," ती म्हणाली, "आन् तिना तोडा आमना माणूसनी पत्तामा घालात. उघडा पायनी पोर कशी धाडू? तुमी पहिलं पायच पाह्यतात."

खरं होतं. मी पहिलं पायच पाहिले असते.

म्हणजे दोन वर्षं ही बाई लाजेने पोर पाठवत नव्हती. लतालाही शपथ घातली होती. आणि मी घरात बसून डाळ डाळ करते आहे! म्हटलं, मला वाटलं तुम्ही त्या डाळीवरून...

"डाळनं काय? ती ते पातळच व्हती."

मग दोघी हसलो. मी मिसरी काढली, तिलाही दिली. म्हटलं, तोडे गेले ते गेले. पोर द्या. उघड्या पायांनी येऊ दे, माझ्या दारात तिच्या पायाकडे जो बघेल त्याचे डोळे मी बघते. ती म्हणाली, नेजा. पण या अखाजीला आबा पुन्हा बसणार. आता घरात फक्त बैलजोडी राहिली आहे.

हे बोलताना तिची नजर खुंटीवर गेली. खुंटीला माझी पिशवी. बघत राहिली, बघत राहिली. मला कळलं.

"कुंदाबाई, हाई पिशवी अखाजीलोंग मनाकडे ठेवा."

जेमतेम महिनाच झाला होता घेऊन! रात्रभर मनाशी भांडले. सकाळी मिसरी, चष्मा, किल्ल्या, विळा बाहेर काढला. विळा ठेवा म्हणत होती, तो नाही दिला. पट्टा तिच्या खांद्यावर घालून दाखवला. पदराच्या वरून, म्हटलं, म्हणजे पळताना सुटणार नाही. छत्री तिची तिच्याकडे होती.

तिने माझी ओटी भरली. पदरात घेतली. पिशवी असती तरी पदरातच घेतली असती, तेवढं मला कळतं.

आणि लताला घेऊन आले. कडेवर नात, एका हातात लताचं गाठोडं, एका हातात माझं सामान, दातात पदर. हात पुन्हा भरले. पण पोर आली!

२२ एप्रिल

रात्री यांना तोड्यांचं सांगितलं. घास अडकला. पाणी प्यायले, पुन्हा प्यायले. म्हटलं, जाऊन त्या माणसाचा शोध घ्या, कोण मेला दुसऱ्याच्या सुनेचे तोडे जिंकून नेतो? म्हणाले, जाऊ दे, झालं गेलं.

परवा मडकं फुटलं तर हेच दोन दिवस बोलत होते.

मग थोड्या वेळाने हळूच — विहीणबाईंना नाव कळलं का? म्हटलं, नाही. म्हणाले, बरं. आणि झोपले.

२५ एप्रिल

पिशवीशिवाय मळ्यात गेले. चष्मा बांधावर राहिला. परत गेले, तर डबी मळ्यात. पदर केळीच्या घडात अडकला. उखर्डू ओट्यावरून म्हणाला, कुंदाबाई, बस बंद पडली का? मी मान खाली घालून घरात गेले. इतकी मी खचले आहे.

२ मे, रविवार. अखाजी

घागर पुजली. सांजोऱ्या केल्या, रस केला. दारातल्या निंबाला झोका. लता बसली, नात मांडीवर. गाणी सुरू झाली ती संध्याकाळपर्यंत. आवाज बसला तिचा. चांगला बसला. दोन वर्षांचा साठा होता.

शेजारणीने तिच्या पायाकडे पाहिलं. मी शेजारणीकडे पाहिलं. तिने झोक्याकडे पाहिलं.

हे दिवसभर घरात. खाटेवर. लोक निंबाखाली बोलवायला आले तर म्हणाले, मी पत्त्याला शिवत नाही. बरं वाटलं ऐकून.

माझं अर्धं लक्ष नरडाण्याकडे. काय करत असेल धुरपदाबाई?

४ मे, मंगळवार

जावई आले, बातमी घेऊन. हसून हसून लताच्या पोटात दुखलं.

अखाजीला दुपारी निंबाखाली डाव रंगला. आबा बसले. घरातून निघताना बैलांच्या पाठीवरून हात फिरवून गेले, म्हणजे मनात काय होतं ते दिसतंच. धुरपदाबाईने पिशवी आडवी घातली, डोक्यावरून पदर पार नाकापर्यंत ओढला, छत्री उघडली आणि वेशीबाहेरून वळसा घालून फाट्याच्या वाटेने आली. तरातरा. माझी चाल बघून ठेवली होती म्हणे!

पोरांनी बोंब ठोकली. डाव तिथेच. पत्ते उडाले. एकाला संधिवात आहे, त्याला पळता येईना, तो निंबावर चढला. संधिवाताने चढता येतं का? पण चढला. आता उतरता येईना. आणि झुलाल आबा जे धावले ते थेट नरडाणा स्टेशनावर. समोर गाडी उभी होती, तिच्यात बसले. दोंडाईच्याला उतरले, रात्र फलाटावर काढली, काल सकाळी घरी आले. बैल दारात पाहून त्यांच्या गळ्यात पडले.

म्हटलं, जावईबापू, तुम्ही कुठे होता? ते लाल झाले. लता म्हणाली, शिडी कुणी वर ओढली असेल?

म्हटलं, आई आहे हे माहीत असून?

म्हणाले, पिशवी पाहिली की आई आठवत नाही.

पिशवी मात्र आणली नाही. धुरपदाबाईने निरोप दिला आहे. आणखी थोडे दिवस राहू द्या, एक काम राहिलं आहे. तोडे कोणाकडे गेले ते नाव आता आबांकडून काढते. आबा अर्धे फुटले आहेत, दोन दिवसांत पुरे फुटतील.

हे बाजूला बसून ऐकत होते. एकदम उठले. गाईला बघून येतो म्हणाले.

आम्ही गाय विकून वर्ष झालं.

५ मे, बुधवार

पहाटे लता पाणी भरायला उठली, तिच्या चालण्याचा आवाज आला. चांदीचा. जाऊन पाहिलं तर पायात तोडे. कुठून गं? म्हणाली, रात्री बाबांनी दिले, आईला सांगू नको म्हणाले.

नवे नाहीत. डाव्याला पोचा आहे, लग्नात पाटावर आपटल्याचा. तेच.

म्हणजे बाहेरगावचा कोणी तो हा. दोन्ही वर्षी मुऱ्हाळी जाऊन दोन-दोन दिवस राहणारा. पत्त्याला न शिवणारा.

हे उजाडायच्या आधी मळ्यात गेले. जेवणाची वेळ टळली, अजून आले नाहीत. पिशवी विहिणीकडे आहे. छत्री माझ्याकडे आहे.